दोन ते सात दिवस

सकाळी पावणेसात

छोटी लाईनपासून नेपियर टाउनपर्यंत स्कूटरने येताना भिंतींवर माझ्या विषयाच्या जाहिराती लागतात. पांढऱ्या चुन्यावर निळी अक्षरं : गुप्त रोग, कमज़ोरी, शादी से पहले, शादी के बाद, आणि खाली मोबाइल नंबर. अमुक औषधाने पुरुषाची कामशक्ती वाढते अशी जाहिरात करणं हा या देशात १९५४ पासून गुन्हा आहे. तो कायदा अजून जिवंत आहे आणि भिंतीही. कोणी चुना मारला की पंधरवड्यात अक्षरं परत उमटतात.

मी लॅब टेक्निशियन. भोसल्यांच्या अमलात, म्हणजे १८१७ च्या आधी, नर्मदेच्या खोऱ्यात येऊन राहिलेली मराठी घरं जबलपुरात आहेत, पण आमचं इतकं जुनं नाही. सासरे गन कॅरेज फॅक्टरीत लागले, म्हणून आम्ही इथले. घरात मराठी, लॅबच्या खिडकीत हिंदी. रक्त, लघवी, थुंकी सगळं तपासते, पण वीर्याची तपासणी बाकीच्यांना नकोशी वाटायची, म्हणून ती माझ्याकडे आली आणि मग माझीच झाली. बाई आहे म्हणून पुरुष लाजतील असं सुरुवातीला सगळ्यांना वाटलं होतं. अनुभव उलटा आहे. पुरुष पुरुषासमोर जास्त लाजतो.

साडेसात

इन्क्युबेटर ३७ अंशांवर लावायचा, मायक्रोस्कोपची काच पुसायची, मोजणीच्या चौकटी कोरलेली जाड स्लाइड धुऊन वाळवायची. मग खोली बघायची. जिन्याशेजारची ती छोटी खोली आमच्याकडे ‘कलेक्शन रूम’ म्हणून ओळखली जाते. आत खुर्ची, बेसिन, टिश्यू पेपर आणि दाराला आतून मजबूत कडी. कडी सगळ्यांत महत्त्वाची. मध्यंतरी कोणीतरी आतल्या खिळ्याला दत्ताचं कॅलेंडर लावून ठेवलं होतं. एक गृहस्थ अर्ध्या तासाने रिकामी डबी घेऊन बाहेर आले आणि खालमानेने म्हणाले, “मॅडम, भगवान देख रहे हैं.” कॅलेंडर त्याच मिनिटाला काउंटरवर आलं.

भिंतीवर आता फक्त सूचनांचा कागद आहे. आधी लघवी करून हात आणि इंद्रिय धुवा. साबण राहू देऊ नका, तेल लावू नका, थुंकी लावू नका. निरोधमध्ये घेतलेलं वीर्य चालत नाही, कारण साध्या निरोधला लावलेल्या पदार्थाने शुक्राणू मरतात. सगळं वीर्य डबीत आलं पाहिजे. थोडं सांडलं तर लपवू नका, सांगा. पहिल्या झोतात शुक्राणू सर्वांत जास्त असतात, तोच सांडला तर पुढच्या मोजणीला अर्थ राहत नाही. हा शेवटचा मुद्दा मी लाल पेनाने लिहिलाय, तरी लोक लपवतात.

सव्वाआठ

पहिला माणूस खमरियाच्या क्वार्टरमधून आलेला. सँपल घरीच घेतलंय, डबी स्वेटरच्या आतल्या खिशात. हे मीच फोनवर सांगितलेलं असतं. डिसेंबरात डबी मोटरसायकलच्या डिकीत टाकली की शुक्राणू गारठतात, त्यांची हालचाल मंदावते आणि रिपोर्ट खोटं बोलतो. तासाभराच्या आत पोचायचं. त्यामुळे सिहोरा-कटंगीच्या लोकांना इथली खोलीच वापरावी लागते.

डबीवर वेळ लिहिलेली आहे, ७:४०. शाबास. मग मी विचारते, “कितने दिन का गैप?”

“पच्चीस दिन, मॅडम. पूरा संयम रखा.”

हे तो अभिमानाने सांगतो. दोन दिवसांहून कमी नाही आणि सातांहून जास्त नाही, असा नियम आहे. पंचवीस दिवस साठवलं की प्रमाण थोडं वाढतं, पण आत म्हाताऱ्या आणि मेलेल्या शुक्राणूंची भरती होते, हालचाल खाली येते. शरीर हे बँकेत ठेवत नाही. बाहेर गेलं नाही तर जिरवतं, झोपेत बाहेर टाकतं, आणि नवं रोज बनवत राहतं. त्याला पुढच्या आठवड्यात परत बोलावते. “इतना बचाया था,” असं पुटपुटत तो जातो. एवढ्या निग्रहाचा असा शेवट होईल अशी त्याला कल्पना नव्हती.

पावणेनऊ

सिहोऱ्याचं जोडपं. लग्नाला सात वर्षं. बायकोच्या हातात फुगलेली फाइल : हार्मोन्सच्या तपासण्या, सोनोग्राफ्या, गर्भनलिकांचा एक्स-रे, एकदा पोटात दुर्बीण घालून झालेली पाहणी, मधल्या पानांत कुठल्याशा बाबाचा ताईतही टाचलेला. नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नाही. त्याची ही पहिली तपासणी, काही शे रुपयांची, ज्यात सुई नाही, भूल नाही, उपाशी राहायचं नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बायकोच्या कारणाच्या जोडीने असतं. तरी सर्वांत स्वस्त आणि सोपी तपासणी सर्वांत शेवटी होते. या एका गोष्टीचा मला या नोकरीत अजून राग येतो.

तो खोलीत गेला, बाहेर आला, डबी कागदात गुंडाळलेली. मी वेळ लिहिली आणि डबी इन्क्युबेटरमध्ये ठेवली. आता थांबायचं.

थांबायचं कारण असं. बाहेर आल्याबरोबर वीर्य घट्ट होतं, थंड झालेल्या साबुदाण्याच्या पेजेसारखं. मग पंधरा-वीस मिनिटांत, फार तर तासाभरात, ते आपोआप पातळ होतं. घट्ट करणारी प्रथिनं शुक्राशयातून येतात, मूत्राशयामागे असलेल्या दोन पिशव्यांतून. त्यांना तोडून पातळ करणारं द्रव्य प्रोस्टेटमधून येतं. एकूण द्रवाचा साधारण दोन तृतीयांश वाटा शुक्राशयाचा, आणि त्यातच शुक्राणूंचं इंधन असतं, फ्रुक्टोज नावाची साखर. पाव हिस्सा किंवा जरा जास्त प्रोस्टेटचा. अंडकोषांतून येतो तो ऐवज फक्त दोन ते पाच टक्के, आणि शुक्राणू काय ते त्यातच. ज्याला लोक पुरुषाचं सत्त्व म्हणतात त्यातला बहुतेक भाग शुक्राणूंना वाहून नेणारं पाणी, साखर आणि क्षार.

ते बाहेर पडतं तेही दोन पायऱ्यांत. आधी या सगळ्या ग्रंथींचा माल मूत्रनलिकेच्या मागच्या भागात गोळा होतो, आणि त्याच वेळी मूत्राशयाचं तोंड आवळून बंद होतं. म्हणून वीर्य आणि लघवी एकाच नळीतून येत असूनही एकत्र येत नाहीत. मग तळाचे स्नायू सेकंदाहून कमी अंतराने आवळतात आणि ते झोताझोताने बाहेर फेकलं जातं. पहिली पायरी ओलांडली की मनात आलं तरी थांबवता येत नाही. त्याआधी एक चिकट थेंबभर द्रव येतो, तो नळी साफ आणि ओलसर करणारा. त्यातही कधीकधी शुक्राणू सापडतात, म्हणूनच ‘वेळेवर बाहेर काढलं’ या भरवशावर राहिलेली मंडळी वर्षभरात बारशाचे पेढे घेऊन येतात.

साडेनऊ

सिहोऱ्याचा थेंब स्लाइडवर. सरकवत गेले. भिंगाखालचं शेत रिकामं. दुसरी स्लाइड, रिकामी. मग उरलेलं सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून तळाचा गाळ पाहिला, त्यातही नाही.

१६७७ साली हॉलंडमधल्या लेवेनहुकने आपल्या घरगुती भिंगातून हे वळवळणारे जीव पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिताना, विद्वानांना किळस वाटली तर छापू नका, अशा आशयाची विनवणी केली. मी रोज त्याच वळवळीची वाट बघते. ती असली की मोजणी सुरू. मिलिलिटरला किती कोटी, किती पुढे पळतात, किती जागच्या जागी हलतात, किती मेलेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकात खालची रेघ मिलिलिटरला १ कोटी ६० लाखांवर आहे. एका वेळच्या वीर्यात ३ कोटी ९० लाख, पुढे पळणारे ३० टक्के, आणि आकाराने बिनचूक असे नुसते ४ टक्के.

या चार टक्क्यांनी लोक घाबरतात. “मॅडम, ९६ टक्के खराब?” निसर्गाचं कामच तसं आहे, बेसुमार आणि ओबडधोबड. शिवाय ती रेघ पास-नापासाची नव्हे. ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांना रांगेत उभं करून तळचे पाच टक्के जिथे संपतात तिथे ती ओढलीय. म्हणजे रेघेखालीही बाप आहेत.

पण शून्य म्हणजे शून्यच.

साडेअकरा

रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते आणि अर्थ सांगण्याचं कामही त्यांचं. पण माणूस आधी खिडकीशी थांबतो, कागद उलटा धरतो आणि मला विचारतो, “मेरा तो सब ठीक निकलता है, फिर?” मग मला ती दोन-पाच टक्क्यांची गोष्ट सांगावी लागते. शुक्राणू नसले तरी इच्छा असते, ताठरता असते, वीर्य येतं आणि डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. शंभरातल्या सुमारे एका पुरुषात असं सापडतं. एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नसतो, काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं. वाट अडलेली असेल तर माल आत बनतोय पण येत नाही. बनतच नसेल तर हार्मोन बघायचे, अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा बघायच्या, लहानपणी गालफुगी होऊन अंडकोष सुजले होते का ते विचारायचं. वाट अडलेल्यांना सुईने आतून शुक्राणू काढून बाप होता येतं.

नवरा ऐकत होता की नाही कळलं नाही. बायको मात्र ऐकत होती. तिने ती जाड फाइल पिशवीत परत घातली नाही, नवऱ्याच्या हातात दिली आणि जिना उतरून गेली.

बारा

कॉलेजचा मुलगा, एकोणीस-वीस वर्षांचा, डोळ्यांखाली काळं. डॉक्टरची चिठ्ठी नाही. लघवी तपासून द्या म्हणतो. खूप आढेवेढे घेतल्यावर म्हणाला, “धात जाती है.” सकाळच्या लघवीत पांढरं दिसतं, अंगात त्राण नाही, अभ्यासात लक्ष नाही. बसस्टँडजवळच्या तंबूतल्या वैद्याने हजारो रुपयांचा कोर्स सांगितलाय.

हा मुलगा मला दर आठवड्याला भेटतो, चेहरा तेवढा वेगळा. त्याची लघवी खरंच गढूळ होती. मी परीक्षानळीत घेऊन त्यात पातळ ॲसिटिक ॲसिडचे थेंब सोडले आणि नळी त्याच्यासमोर उजेडात धरली. गढूळपणा क्षणात गेला. ते फॉस्फेट होते, जेवणाखाण्यातून येणारे क्षार, भरपूर जेवल्यावर किंवा पाणी कमी प्यायल्यावर दिसणारे. नंतर मायक्रोस्कोपखालीही त्यालाच बघू दिलं. मी बोलले असते तर त्याने मान डोलावली असती आणि पैसे तंबूतच दिले असते. नळी बघून तो गप्प झाला.

या दुखण्याला वैद्यकात नाव आहे. १९६० साली डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी ‘धात सिंड्रोम’ असं नाव देऊन त्याचं वर्णन केलं. वीर्य जातंय या भीतीने येणारा थकवा, झोप उडणं, छातीत धडधड. दुखणं खोटं नसतं, कारण खोटं असतं. आपल्याकडे रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शेवटी शुक्र अशी सात धातूंची चढण आयुर्वेदाने मांडली. ती घरोघरी पोचेपर्यंत ‘चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब’ असा हिशेब झाला. या हिशेबाने तर प्रत्येक नवविवाहिताला महिन्याभरात रक्ताची बाटली लावावी लागली असती. झोपेत वीर्य जाणं ही वयात आलेल्या शरीराची नेहमीची गोष्ट आहे. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, शुक्राणू संपत नाहीत, इंद्रिय वाकडं होत नाही, दृष्टी जात नाही. त्याच्यापायी अभ्यास आणि झोप बुडत असेल तर ती वेगळी गोष्ट, आणि त्यावर गोळी नाही.

हे मराठीत कोणी आज पहिल्यांदा सांगत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात १९२७ पासून १९५३ ला जाईपर्यंत हेच लिहीत राहिले. वाचकांच्या खासगी प्रश्नांना छापून उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला कर्वे हरले. शंभर वर्षं होत आली, तंबू मात्र बसस्टँडजवळ आहे तो आहेच.

मुलाला मी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत जायला सांगितलं, तेव्हा तो दचकला. “पागल नहीं हूँ.” नाहीच आहेस. झोप येत नाही ना, तेवढं सांग त्यांना.

एक गोष्ट मी त्यालाही सांगितली आणि सगळ्यांना सांगते. पांढरं दिसलं की दरवेळी क्षारच असतील असं नाही. लघवीला जळजळ, नळीच्या टोकाशी पिवळसर पू, कपड्यावर डाग, आणि आधीच्या आठवड्यात निरोधशिवाय संबंध आला असेल, तर तो संसर्ग आहे. स्लाइडवर रंग चढवला की गनोरियाचे जोडजोडीने बसलेले जंतू पांढऱ्या पेशींच्या आत दिसतात. सरकारी दवाखान्यांत यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. औषधाची पाकिटं तिथे आजाराप्रमाणे वेगवेगळ्या रंगांची. या तक्रारीसाठी राखाडी, फुकट. जोडीदाराने औषध घेतलं नाही तर तोच आजार परत येतो. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी त्याच वेळी करून घ्यावी. लाज एकदाच वाटते.

दीड

डबा. रिसेप्शनवरचा मुलगा जिमला जातो आणि रोज माझी पोळी-भाजी बघून प्रथिनांवर व्याख्यान देतो. मी त्याला एवढंच सांगते की दंड फुगवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांचे काउंट मी बघितलेत. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू अंडकोषांना काम थांबवायला सांगतो. दंड फुगतात, मोजणी शून्याकडे जाते. बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण महिने लागतात. उष्णतेचंही तसंच. अंडकोष शरीराबाहेर लटकतात ते दोन-चार अंश गार राहावेत म्हणून. भट्टीपाशी काम करणारे, दिवसभर ट्रकच्या इंजिनावर बसलेले, नुकताच टायफॉइड किंवा डेंग्यू झालेले, यांचे आकडे खाली गेलेले असतात. एक शुक्राणू घडायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून आजचा रिपोर्ट म्हणजे दसऱ्याच्या सुमाराची बातमी. गुटखा-बिडी-दारूचं वेगळं काय सांगायचं. पण बायकोला ‘कच्ची पपई खाऊ नको’ असं बजावणारा माणूस स्वतःच्या खिशातल्या पुडीचं नाव काढत नाही.

अडीच

फॅक्टरीतला कारागीर, दोन मुलींचा बाप, तीन महिन्यांपूर्वी नसबंदी झालेली. टाका नाही, चाकू नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम. आता वीर्यात शुक्राणू उरले नाहीत ना ते बघायचं. ही तपासणी लोक टाळतात आणि तिथेच फसतात, कारण नस बांधल्यावरही पुढच्या वाटेत आधीचा साठा असतो. तो संपायला तीन महिने आणि वीसेक वेळा तरी वीर्यपतन लागतं. तोवर निरोध.

त्याच्या डबीत तीन मिलिलिटर होतं. “मॅडम, ये तो उतना ही है,” तो गोंधळून म्हणाला. उतनाच असणार. दोन-पाच टक्के वजा झाले तर डोळ्यांना काय दिसणार? त्याचं शून्य आलं आणि आज सकाळच्या त्याच आकड्यावर हा माणूस खूश झाला.

अशी माणसं विरळा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांची नसबंदी झालेली होती, नवऱ्यांची ०.३ टक्के. बाईचं ऑपरेशन पोटाला छेद देऊन, पुरुषाचं कातडीला टोचून. आणीबाणीत, १९७६-७७ च्या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या, आणि कित्येक पकडून आणून. ती दहशत खरी होती. पण तिचं व्याज पन्नास वर्षं बायकाच फेडतायत, हे मला पटत नाही.

चार

पन्नाशीचे गृहस्थ, दुसरं लग्न, मधुमेह जुना. खोलीतून डबी रिकामी घेऊन आले आणि म्हणाले, सगळं झालं, पण आलं काहीच नाही. खोटं बोलत नव्हते. मी त्यांना लगेच लघवी करून द्यायला सांगितलं. ती फिरवून तळ पाहिला तर शुक्राणूंची गर्दी. मूत्राशयाचं तोंड आवळणाऱ्या नसा मधुमेहाने ढिल्या पडल्या की झोत पुढे येण्याऐवजी मागे मूत्राशयात जातो. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही, टॅमसुलोसिनसारख्या, असं होतं. त्याने अपाय काही नाही, फक्त मूल राहत नाही. लघवीतली आम्लता सोड्याने कमी करून तेच शुक्राणू वापरता येतात.

हे कळल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला आणि मग खरा प्रश्न आला, ताठरतेचा. मेडिकल स्टोअरमधून मित्राच्या सल्ल्याने निळी गोळी घेतात. मी विचारलं, छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची गोळी घेता का? घेत होते. ती आणि निळी गोळी एकत्र आल्या तर रक्तदाब इतका कोसळतो की माणूस जातो. शिवाय इंद्रियाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून बारीक असतात, चोंदायला लागल्या की आधी तिथे कळतं. कित्येकांत ही तक्रार हृदयविकाराच्या काही वर्षं आधी येते. ज्याला भिंतीवरची अक्षरं ‘कमज़ोरी’ म्हणतात, त्यासाठी या गृहस्थांना इसीजी आणि साखर दाखवायला हवी होती. मी डॉक्टरांना आत जाऊन सांगितलं आणि त्यांना तिथेच थांबवलं.

साडेपाच

खिडकीत एक हेल्मेट. हेल्मेट काढायला तयार नाही. चिठ्ठीवरचं आडनाव मराठी, आणि आवाज ओळखीचा : गणपतीत आमच्याकडे आरतीला झांज वाजवणारा.

“काकू… तुम्ही इथे असता?”

“इथेच असते. कडी आतून घट्ट लागते, जा.”

दोन महिन्यांवर लग्न. कोणी तरी त्याला सांगितलंय की ‘पानी पतला’ आहे. तपासणीत सगळं नीट निघालं. वीर्य दर वेळी सारखं घट्ट नसतं. दिवसांचं अंतर, प्यायलेलं पाणी, किती वेळाने बघितलं, यावर ते बदलतं, आणि वीस मिनिटांनी तर सगळ्यांचंच पातळ होतं. हे ऐकून तो निघाला, जिन्यापर्यंत गेला, परत आला.

“काकू, आईला…”

“रिपोर्टवर नंबर आहे, आणि आईला मी फक्त मोदकांचं सारण विचारते.”

मग खिडकीच्या काचेकडे बघत त्याने विचारलं की लवकर होऊन गेलं तर. पुरुषांच्या तक्रारींत ही फार नेहमीची. वैद्यकात सुरुवातीपासून सतत मिनिटाच्या आत होणाऱ्याला, आणि त्याचा त्रास होत असेल तर, शीघ्रपतन म्हणतात. फिल्मा बघून मनात बसलेला अर्धा तास हा मोजायचा काटा नाही. पहिल्या काही वेळा घाबरून लवकर होणं हे आजारातही धरत नाहीत. १९५६ साली सेमन्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरने सुचवलेली पद्धत अजून शिकवतात : कळस जवळ आला की थांबायचं, ओसरू द्यायचं, पुन्हा सुरू करायचं, न परतीची ती पायरी कुठे येते हे शरीराला कळायला लागतं. गोळ्याही आहेत, डॉक्टर देतील. मी त्याला हे सगळं सांगितलं तेव्हा माझेही कान गरम झाले, नाही म्हणत नाही. ओळखीच्या मुलाशी मराठीत बोलायला मला हिंदीपेक्षा जड जातं. पण सांगितलं. शेवटी म्हणाले, होणाऱ्या बायकोशी बोल, तिच्याही मनात काही असेल. यावर मात्र त्याने लगेच हेल्मेट घातलं.

सात

डब्या, पिपेटच्या टिपा, स्लाइड एक टक्का हायपोक्लोराइटमध्ये. बेंच पुसायचा, रजिस्टर बंद करायचं. रजिस्टरात नाव नसतं, नंबर, वय, अंतराचे दिवस आणि दोन वेळा : कधी घेतलं, कधी बघितलं.

दिवे घालवायच्या वेळी फोन वाजला. वयस्क बाई, मझौलीच्या बाजूच्या. सुनेची तपासणी करायचीय, तीन वर्षं झाली, पाळणा हलत नाही, किती पैसे लागतील?

“आणि मुलाची झाली?”

पलीकडे शांतता. मग, “उसको क्या हुआ है?”

काही झालंय असं मी म्हटलं नाही. दोघांची एकाच दिवशी करू, त्याची आधी, पाच मिनिटांचं काम आहे. फोन कोणीतरी तिच्या हातातून घेतला. तरुण आवाज, हळू, बहुधा अंगणात जाऊन बोलणारा. कितने बजे आना है?

आठ वाजता. मझौलीहून घरून आणू नका, पोचेपर्यंत तास होऊन जाईल, इथे खोली आहे. आदल्या दिवशी नाही, त्याच्या आदल्या दिवशीही नाही. पण आठवडाभराहून जास्तही थांबू नका. चिठ्ठी नसली तरी चालेल. हो, बाईच आहे मी.